लायनीच्या पलीकडची घरं

परत येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, वसई कशी आहे? मी म्हणते, हिरवी. ते ठाऊक आहे, पुढचं सांग, असं तो म्हणतो. पुढचं तोंडी सांगताना माझा घोटाळा होतो, म्हणून लिहूनच काढते आहे.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यात. वडील मिशनचे मास्तर. आठवडाभर मुलांना शिकवतात, फादर येऊ शकले नाहीत तर रविवारची प्रार्थना चालवतात, नाताळात कीर्तन करतात. माझी डी.एड.ची परीक्षा संपली त्याच आठवड्यात आमच्या फादरांनी त्यांना विचारलं, "वसईकडे नंदाखालला उन्हाळ्यात दीड महिना मदतीला शिकलेली मुलगी हवी आहे. पाठवाल का?" आईने लगेच नाही म्हटलं. वडील म्हणाले, "तिनं समुद्र पाहिला नाही अजून." एवढ्यावर ठरलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी निघाले तेव्हा आमच्या विहिरीच्या तळाचे दगड उघडे पडले होते. ठाण्याहून एसटीने घोडबंदरची वाट धरली, खाडीवरचा पूल ओलांडला, चिंचोटीचे डोंगर उजव्या हाताला राहिले. मग खिडकीतून पांढरे ढीग दिसायला लागले. सरळ रांगेत, मैलभर. मी शेजारच्या बाईला विचारलं, "एवढा चुना कशाला?"

"चुना नव्हं बाय, मीठ," ती म्हणाली. "आगर हायत ती. समुद्राचं पानी आत घेतात न् सुकवतात."

मीठ पुडीत येतं एवढंच मला माहीत होतं. ते असं जमिनीवर पिकतं, आणि माणसं उन्हात उभी राहून ते फळीने ओढतात, हे मी मान वळवून वळवून दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

नंदाखाल

नंदाखालला उतरले तेव्हा माझा पहिला विचार असा होता की इथे नुकताच पाऊस पडून गेला असावा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, नारळ, पानवेली, मोगऱ्याचे वाफे. वाफ्यांमधून पाटाचं पाणी पळत होतं. एप्रिलच्या भर दुपारी सावलीला चिखल होता. मी पिशवी खाली ठेवून त्या चिखलाला बोट लावून पाहिलं. मला न्यायला आलेल्या सिस्टर आग्नेस बाजूला शांत उभ्या होत्या. "घाटावरून येणारं प्रत्येक जण हेच करतं," त्या म्हणाल्या.

माझी राहायची सोय कातरीनमावशीकडे केली होती. सत्तरीच्या पुढची विधवा बाई. मुलगा आखातात नोकरीला, सून-नातवंडंही तिकडेच. घर, वाडी आणि बावखल ती एकटी सांभाळते. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. मावशी काठीसारखी ताठ, अंगावर लाल चौकटीचं लुगडं, कानात सोनं. शेजारणीशी ती ज्या बोलीत बोलत होती त्यातला एक शब्द मला कळला नाही. मराठी आहे एवढं कळत होतं आणि तरी काही कळत नव्हतं. माझ्याशी मात्र ती शाळेतलं मराठी काढून, एकेक शब्द मांडत बोलायची.

"आडनाव काय तुझं?"

"साळवे."

"हं," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

ते "हं" मी झोपेपर्यंत उलटसुलट करत राहिले. आमच्या भागात ख्रिस्ती माणसाने साळवे म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते, तिथे मिशनचे लोक आले, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. मावशीला काहीच कळलं नव्हतं. तिच्या ओळखीची आडनावं लोपीस, परेरा, डिमेलो अशी. साळवे तिच्या लेखी नुसतं एक नवं आडनाव होतं. मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

पहाटे मावशी मोगरा खुडायला उठे. दुसऱ्या दिवशी मीही गेले आणि मोठ्या हौसेने उमललेली फुलं टोपलीत टाकली. मावशीने टोपली पाहिली. "ही तुझ्या वेणीला," ती म्हणाली. "दादरला जातात त्या कळ्या. बाजारात पोचेपर्यंत फुललेल्याचं काय राहतं?" त्या दिवशी माझ्या वेणीत एवढा मोगरा होता की सिस्टर आग्नेसनी विचारलं, लग्न कोणाचं आहे?

रविवारी चर्चला गेलो. आमचं देऊळ म्हणजे पत्र्याची खोली. वहाणा दाराबाहेर काढायच्या आणि सतरंजीवर बसायचं. मी सवयीने इथेही पायरीवर चपला काढल्या. बाकी सगळे पायताणांसकट आत जात होते. मावशीने माझ्या पायांकडे पाहिलं आणि पुढे गेली. आत पाऊल टाकलं आणि मी थांबलेच. छत इतकं उंच की मान पूर्ण मागे टाकावी लागली. पुढे सोनेरी वेदी, आणि बाकांच्या रांगा म्हाताऱ्या बायकांच्या लाल लुगड्यांनी भरलेल्या. गायनमंडळात व्हायोलिनं होती. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुरू झाली आणि ते शेकडो लोक एका आवाजात उत्तर द्यायला लागले, मराठीत, जे शब्द आम्ही पत्र्याखाली तीस-चाळीस जण म्हणतो तेच. मला रडू आलं. आपण इतके आहोत हे मला माहीत नव्हतं.

अर्नाळा

समुद्र पाहिल्याशिवाय तुझं कामात लक्ष लागायचं नाही, असं म्हणून सिस्टर मला एका दुपारी अर्नाळ्याला घेऊन गेल्या. समुद्राबद्दल मी काय लिहू? सुरूच्या झाडांमधून तो आधी पट्टीसारखा दिसला, मग झाडं संपली आणि पलीकडे काहीच नव्हतं. आमच्याकडेही माळ आहे, नजर पोचेल तिथवर मोकळा; पण माळ गप्प पडून असतो. हा सारखा काही तरी करत होता.

किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर, दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले होते. त्या वासाने सुरुवातीला मळमळलं. मी पाण्यात शिरले आणि ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. खारं असतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण खात्री करून घ्यायची होती.

"पानी खारं हाय गो, पिऊ नको," बोंबील उलटणारी एक कोळीण ओरडली आणि शेजारणीला कोपराने ढोसून हसली.

तेवढ्यात काठावर काढून ठेवलेल्या माझ्या चपलांपैकी एक लाटेने नेली. मी मागे धावले, ती पुढे गेली. उरलेली एक हातात घेऊन मी नंदाखालला परत आले. तशीच, अनवाणी, तिथल्या फादरांपुढे उभी राहिले, कारण त्यांनी कामाचं सांगायला बोलावलं होतं.

फादरांनी पायांकडे पाहिलं नाही. त्यांनी एक वही दिली. "सकाळी मुलांचं धर्मशिक्षण सिस्टर बघतील. तू रेल्वे लायनीच्या पलीकडे जा. नालासोपाऱ्याला पूर्वेला रोज नवी बिल्डिंग उभी राहते. कोकणातले, देशावरचे, सगळीकडचे लोक येतात. त्यांच्यात आपली माणसं आहेत, पण ती चर्चपर्यंत पोचत नाहीत. कुठल्या मजल्यावर कोण, एवढं तरी आपल्याला माहीत हवं."

एकट्या मुलीने अनोळखी जिने चढणं बरं नाही म्हणून सोबत कोण, असा प्रश्न आला. मावशी म्हणाली, "मी जाते. लायनीच्या पलीकडे मी इस्पितळाशिवाय गेले नाय कधी. बघते तरी काय बांधलंय ते."

लायनीच्या पलीकडे

लायनीवरच्या पुलाच्या एका टोकाला वाड्यांची सावली आणि दुसऱ्या टोकाला सिमेंटची धूळ. अर्ध्या बांधलेल्या इमारती, त्यांच्या मधे पाण्याचे टँकर आणि त्यांच्याभोवती हंड्यांच्या रांगा. रांगा पाहून मला माझ्या गावासारखं वाटलं. मावशी मात्र थांबली. "इथे भात असायचं," ती म्हणाली. "पावसात नुसतं पाणी न् बगळे."

मावशीने एका हातात छत्री आणि दुसऱ्यात केळ्यांची पिशवी घेतली होती. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायचं नाही, असा तिचा नियम. कोणी दार उघडलं की मी प्रश्न विचारायची आणि मावशी केळी द्यायची. दार हिंदूचं निघालं तरी केळी द्यायचीच. गुहागरकडच्या एका बाईने केळी घेऊन आम्हाला बसवलं आणि सोलकढी पाजली. मावशीने तिला त्यात नारळ कमी पडल्याचं सांगितलं आणि पुढच्या खेपेला दोन नारळ नेऊन दिले.

चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर एका दाराला नाताळचा कागदी तारा दिसला. एप्रिल संपत आला होता, तारा फाटून एका दोऱ्याला लोंबत होता. दार एका बाईने उघडलं. कडेवर दहा महिन्यांचा मुलगा.

मी नाव सांगितलं, साळवे, आणि कशाला आले ते सांगायला लागले. तिने मला मधेच थांबवलं. "ताई, कुठल्या तुम्ही? नगरकडच्या का?"

"पाथर्डीची."

"आम्ही शेवगावचे," ती म्हणाली आणि दार पूर्ण उघडलं. "या, या ना. दोन वर्षं झाली, आपलं बोलणं ऐकलं नव्हतं."

तिचं नाव रूथ. नवरा शांतवन पत्र्याचे डबे करणाऱ्या कंपनीत कामाला. मुलगा दानिएल. एकच खोली, पण भांडी आरशासारखी घासलेली. मावशी खाली चटईवर बसली आणि पोराने तिच्या छत्रीचा कब्जा घेतला. मी रूथबरोबर चहाला ओट्याशी गेले.

पोराचा बाप्तिस्मा झाला नव्हता. गावाकडे कोणी उरलं नाही, इथे कोणी ओळखीचं नाही. "एकदा गेलो होतो लायनीच्या तिकडच्या चर्चला," रूथ म्हणाली. "बँड होता, सगळ्यांच्या अंगावर सोनं. आम्ही मागं उभं राहिलो न् मिस्सा झाल्यावर निघून आलो. कोणी काही बोललं नाही ताई. आम्हालाच धीर झाला नाही. बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून कोणाला उभं करायचं?" मग आवाज खाली नेऊन तिने विचारलं, "या आजींना सांगितलंय का तुम्ही? आपण कोण ते?"

"नाही."

"नका सांगू," ती म्हणाली.

निघताना रूथने मलाच धर्ममाता व्हायला सांगितलं. मी रात्री सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तू जूनमध्ये जाणार. त्या मुलाला इथलं कोणी तरी हवं, चार पावलांवरचं." त्यांचं म्हणणं मला पटलं, पण चार पावलांवरचं माणूस आणायचं कुठून ते कळेना.

पुढच्या फेरीत आम्ही पुन्हा रूथकडे गेलो. परतताना बसमध्ये मावशी बाहेर बघत होती. अचानक म्हणाली, "त्या पोराची मी उभी राहते. फादरांना सांगून ठेव."

मी "बरं" म्हटलं आणि तिकिटाची घडी घालत राहिले.

आमच्याकडे बाप्तिस्मा झाला की धर्ममाता साखर वाटते, नाताळला कपडे देते. इथे हे नातं किती जड आहे ते मी पाहिलं होतं. धर्ममातेच्या घरी मुलगा सणाला जेवतो, तिच्या घरच्या लग्नात त्याचे आई-बाप मांडवात बसतात, आणि ती गेली की तो तिला खांदा देतो. मावशीने स्वतःच्या धर्ममुलांची नावं मला मोजून सांगितली होती. सगळी गावातली, नात्यागोत्यातली. आता ती ट्रंकेतून आपल्या मुलाचा बाप्तिस्म्याचा झगा काढून, पिवळा पडलेला भाग उन्हात ठेवून, रोज उलटत होती. मी तिच्या घरी जेवत होते आणि आम्ही कोण ते तिला सांगितलं नव्हतं.

असे आठ दिवस गेले. मग एका दुपारी पडवीत ती विड्याची पानं जुड्यांत बांधत होती, तेव्हा मी सांगून टाकलं. रूथ-शांतवन कोण, मी कोण, पणजोबा कुठे राहत होते. फार सांगावं लागलं नाही. आमचं आडनाव तिला माहीत नव्हतं, पण गावकुसाबाहेर म्हणजे काय ते तिला माहीत होतं.

मावशीने जुडी पूर्ण बांधली. दोऱ्याची गाठ मारली. "हं," म्हणाली आणि पाण्याचा पंप बंद करायला उठून गेली.

पुढचे दोन दिवस ती कामापुरतं बोलली. मी संध्याकाळी माझं ताट कुठलं येतं ते पाहिलं. तेच ताट आलं, त्याच जागी. भातावर आमटी तशीच वाढली. पण झगा उन्हातून आत गेला होता, आणि लायनीपलीकडे माझ्याबरोबर सिस्टर आल्या. रूथने विचारलं, "आजी नाही आल्या?" मी म्हटलं, पाय दुखतोय. त्या रात्री मी पिशवी भरून ठेवली. मला घरी जावंसं वाटत होतं. एवढ्या सुंदर जागी मी इतकी एकटी कधी पडले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी बावखलाच्या पायरीवर बसली होती. मला हाक मारली.

"तुझ्या गावात माझ्यासारखी कोणी आली असती, तर तिला कुठे बसवलं असतं?"

"सतरंजीवर," मी म्हटलं. "सगळे सतरंजीवरच बसतात."

"न् पाणी?"

"असतं तर दिलं असतं."

ती हसली नाही. पाण्यात पाय सोडून बसलेली होती, लुगड्याचा काठ भिजत होता.

"माझी सासू असती तर तिने तुला पडवीतच ठेवलं असतं," ती म्हणाली. "मला राग आलाय दोन दिवस. तुझ्यावर नाय. तू आधी सांगितलं असतंस ना, तर मी उभी राहते असं बोललेच नसते. बसमध्ये तोंड मिटून बसले असते. हे मला कळलं. सत्तर वर्षं मी चर्चच्या बाकावर बसते, न् मला हे आत्ता कळलं." तिने पाय पाण्याबाहेर काढले. "कोणाला सांगायचं हे? फादरांना सांगून आले काल. ते म्हणाले, शब्द मागे घ्यायचा असला तर आत्ताच घे, मुलाचं नाव लागल्यावर नको."

"मग?"

"मग काय. झग्याचा एक बंद तुटलाय. तुझे डोळे चांगले आहेत, शिवून दे."

मी समुद्र पाहिला, मिठाचे डोंगर पाहिले, चर्चचं छत पाहिलं. पण छाती दडपून गेली ती त्या पायरीवर. सत्तरी ओलांडलेलं माणूस आपल्याच आत नवं काही बघू शकतं आणि ते बघून पळून जात नाही, हे मी पहिल्यांदा पाहत होते. सुईत दोरा ओवायला मला चार खेपा लागल्या. मावशीने डोळ्यांबद्दलचे शब्द परत घेतले.

बाप्तिस्मा

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी रूथ आणि शांतवन रिक्षाने आले. शांतवनने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो कोणाच्याच नजरेला नजर देत नव्हता. मावशी ठेवणीतलं लाल लुगडं नेसून, गळ्यात पोवळ्यांची माळ घालून दारातच उभी होती. तिने रूथच्या कडेवरून मुलाला घेतलं आणि मधल्या वाटेने सगळ्यांच्या समोरून वेदीपर्यंत नेलं. मागच्या बाजूने नेता आलं असतं. बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका वळून बघत होत्या. पाणी डोक्यावर पडलं तेव्हा दानिएल किंचाळला आणि त्याने पोवळ्यांची माळ अशी धरली की फादरांनी पुढची प्रार्थना थांबवून ती सोडवली. शांतवन तेव्हा पहिल्यांदा हसला.

जेवण मावशीच्या अंगणात होतं. तिने शेजारपाजारच्या पाच घरांना बोलावलं होतं. डुकराचं मटण, तांदळाच्या भाकरी, फुगे म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, आणि शेवटी आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. रूथ सवयीने भांडी घासायच्या जागेकडे सरकली. मावशीने तिच्या हातातून पातेलं काढून घेतलं. "पाहुणी आहेस. बस."

चार घरांची माणसं आली. मावशीची जाऊ, जी शेजारच्याच वाडीत राहते आणि जिच्याशिवाय या घरी सण झालेला नाही, ती आली नाही. तिच्यासाठी मावशीच्या उजव्या हाताला खुर्ची मांडली होती. आम्ही थांबलो. कुंपणापलीकडे जावेच्या पडवीत ती उभी असलेली दिसत होती. तिलाही आम्ही दिसत होतो. मावशीने एक हाक मारली, त्यांच्या बोलीत. त्यातलं "ये" मला कळलं. जाऊ आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही.

रूथने मान खाली घातली. शांतवन उठायच्या बेतात होता.

मावशीने त्या उघड्या दाराकडे एकदा पाहिलं. मग तिने एक ताट घेतलं, त्यात सगळं वाढलं, वर केळीचं पान झाकलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तिकडे नेऊन दे. सांग, दानिएलच्या धर्ममातेने पाठवलंय." मग वळून ती शांतवनला म्हणाली, "बाबा, त्या खुर्चीवर तू ये. बस, जेवण निवतंय."

मी ताट घेऊन निघाले. कुंपणाच्या फटीतून जाताना मागे वळून पाहिलं तेव्हा शांतवन त्या खुर्चीवर टेकला होता, आणि मावशी त्याच्या पानात वाढत होती.